फ्लिपरला हात लावण्याआधी

पिनबॉल म्हटलं की माझ्या पिढीच्या मराठी माणसाला बहुधा विंडोज एक्सपीमधला 'स्पेस कॅडेट' आठवतो. कॉम्प्युटर क्लासचे सर बाहेर गेले की झेड आणि स्लॅश ही दोन बटणं बडवायची, एवढीच आमची विद्या. अमेरिकेत आल्यावर खरी मशीन्स भेटली, तीही त्याच वळणाची. उंच रॅम्प, एकामागून एक मोहिमा, बोलणारी पात्रं, पडद्यावर चालणारा सिनेमा, आणि गोळी फार लवकर गेली तर मशीनच दयाळूपणे ती परत आणून देणार. तुमचीही सुरुवात तिथूनच झाली असेल आणि आता साठ-सत्तरच्या दशकातली मशीन्स खेळून बघावीत असं मनात आलं असेल, तर चार गोष्टी आधी ऐकून ठेवा. नाहीतर बहुतेकांचं होतं तेच तुमचंही होईल. दोन डाव खेळून 'संथ आहे, यात काही दम नाही' म्हणाल आणि पुन्हा नव्या मशीनकडे वळाल.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे ॲस्बरी पार्कच्या समुद्रकिनाऱ्यावर, लाकडी फळ्यांच्या फिरण्याच्या रस्त्याला लागून सिल्व्हरबॉल नावाची जागा आहे. दारात ठरावीक पैसे भरायचे आणि आतली मशीन्स हवी तेवढी खेळायची. कॅलिफोर्नियात अलामेडाचं पॅसिफिक पिनबॉल म्युझियम आणि लास वेगासचं पिनबॉल हॉल ऑफ फेम ही अशीच मोठी घरं. वेगासला मात्र नाणी टाकून खेळतात, आणि शिकणाऱ्याला तेच बरं असं माझं मत झालंय. फुकटात बटण दाबून नवा डाव सुरू करता आला की माणूस पहिली गोळी गेल्या गेल्या मशीन सोडतो. आमच्याबरोबर येणारे पाहुणे हमखास हे करतात. जुन्या मशीनवर साधारण पाच गोळ्या असतात आणि खेळाची खरी मजा चौथ्या-पाचव्या गोळीला येते, कारण आधीच्या गोळ्यांनी पेटवलेले दिवे तोवर जमून आलेले असतात. हाती घेतलेला डाव पुरा करायचा, हा पहिला नियम.

दुसरा, गोळी सोडण्याआधी अर्धा मिनिट नुसतं वाचायचं. फ्लिपरच्या खाली, काचेआड, पत्र्यावर दोन छोटी कार्डं लावलेली असतात. एकावर नियम, दुसऱ्यावर किती गुणांना फुकट डाव ते. नव्या मशीनचे नियम पानंच्या पानं भरतील इतके असतात. ते कुणी वाचत नाही, पडदा सांगेल तसं करतो. जुन्या मशीनचा सगळा कायदा त्या चार-सहा ओळींत आणि टेबलावर रंगवलेल्या अक्षरांत संपतो. 'ए' ते 'डी' पूर्ण करा म्हणजे अमुक दिवा लागेल; तो लागलेला असताना तमुक भोकात गोळी घाला म्हणजे स्पेशल, म्हणजेच बक्षीस. बस्स. पण हे माहीत नसेल तर टेबलावर काय चाललंय ते कळणार नाही आणि गोळी नुसती इकडून तिकडे आपटते आहे असं वाटेल.

यातली एक खोच कार्डावर नसते. बऱ्याच जुन्या मशीन्समध्ये लागलेला दिवा एका जागी ठरत नाही. दहा गुणांचा प्रत्येक टोला बसला की तो डावीकडून उजवीकडे उडी मारतो. म्हणजे डाव्या कडेची वाट आत्ता मोलाची, आणि गोळी तिथे पोचेपर्यंत वाटेत एक रबर लागलं की फुकाची. हे सगळं मशीनच्या पोटातले रिले करतात. कॉम्प्युटर नाही, चिप नाही. चुंबकाने ओढली जाणारी पाती, दातेरी चाकं आणि हळूहळू फिरणारी एक मोटर. एखाद्या संग्रहालयात पोट उघडं ठेवलेलं किंवा पारदर्शक पेटीतलं मशीन दिसलं तर तिथे जरूर थांबा. आपण गोळी मारतो तेव्हा आत काय धावपळ उडते ते पाहिल्यावर स्कोअरची चाकं इतकी खडखडत का फिरतात ते विचारावं लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. नव्या मशीनवर वाढलेला खेळाडू दोन्ही तर्जन्या बटणांवर ठेवून उभा राहतो आणि गोळी फ्लिपरपाशी येण्याची वाट बघतो. जुन्या मशीनवर गोळीचं आयुष्य फ्लिपरच्या बरंच वर ठरतं. ते का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत घरोघरी निघायचं ते बगाटेल आठवा. लाकडी फळी, खिळ्यांची कुंपणं, स्टीलच्या गोळ्या आणि उजव्या कोपऱ्यात स्प्रिंगची दांडी. ती स्प्रिंगची दांडी बगाटेलला बसवण्याचं पेटंट सिनसिनाटीच्या मॉन्टेग्यू रेडग्रेव्हने 1871 मध्ये घेतलं. 1931 मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबने 'बॅफल बॉल' बाजारात आणला. मंदीचे दिवस, एका पेनीत पाच-सात गोळ्या. पन्नास हजारांच्या वर मशीन्स खपली. तीही मूळची खिळे आणि भोकंच. फ्लिपर आला 1947 मध्ये, गॉटलिबच्याच 'हम्प्टी डम्प्टी'त. हॅरी मॅब्जने त्यात एक नाही, सहा बसवले होते, आणि तेही आजच्यासारखे खाली समोरासमोर नव्हे तर दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेकने जेन्कोच्या 'ट्रिपल ॲक्शन'मध्ये दोनच ठेवले, तळाशी. म्हणजे मधली सोळा वर्षं लोक फ्लिपरशिवाय पैसे घालून हा खेळ खेळत होते. त्यांच्या हाती दोनच गोष्टी होत्या: दांडी किती खेचायची आणि मशीनला केव्हा ढकलायचं. फ्लिपर आल्यावरही ही दोन कौशल्यं पुढची तीसेक वर्षं खेळाच्या मध्यभागी राहिली.

आधी दांडीचं बघू. न्यूयॉर्क शहरात 1942 पासून पिनबॉलवर बंदी होती. हा जुगार आहे, असं महापौर ला ग्वार्डिया यांचं म्हणणं. हातोड्याने मशीन फोडतानाचे त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. ती बंदी उठली 1976 मध्ये. नगर परिषदेच्या समितीपुढे रॉजर शार्प या तरुण लेखकाने प्रत्यक्ष खेळून दाखवलं, आणि शेवटी त्याने फ्लिपरची करामत दाखवली नाही. आता दांडी अशी सोडतो की गोळी वरच्या मधल्याच वाटेतून उतरेल, असं आधी सांगितलं आणि तसंच केलं. हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे हे त्या एका गोळीने पटलं. नव्या कित्येक मशीन्सना ही दांडीच नसते, बटण असतं. म्हणून सांगते, जुन्या मशीनवर पहिली गोळी दांडीचा अंदाज घेण्यासाठी खर्च करा. पूर्ण खेचून सोडू नका. स्प्रिंगच्या टोकाशी बोटांनी खूण धरा, अर्धी, पाऊण, आणि गोळी वर कुठून उतरते ते बघा. प्रत्येक मशीनची स्प्रिंग वेगळी, त्यामुळे एकीकडचा अंदाज दुसरीकडे चालत नाही.

ढकलण्याचं जरा नाजूक आहे. मशीनच्या पोटात एका कड्यात लोलक टांगलेला असतो. तो कड्याला लागला की टिल्ट. नव्या मशीनवर आधी इशारे मिळतात आणि फार तर हातची गोळी जाते. जुन्यांत इशारा नाही, आणि पन्नास-साठच्या दशकातल्या कित्येकांत टिल्ट झालं की सगळा डावच संपतो. उरलेल्या गोळ्या मिळत नाहीत. हे माहीत नसलेला माणूस मशीन बिघडलं म्हणून तक्रार करायला काउंटरवर जातो. ढकलायचं ते तळव्याच्या फुगीर भागाने, थोडंसं, आणि गोळी एखाद्या रबराला टेकते त्याच क्षणी. मोकळ्या जागेत धावणाऱ्या गोळीसाठी मशीन हलवून काही साधत नाही, लोलक मात्र झोके घ्यायला लागतो.

फ्लिपरांचं काय? ते आखूड आणि मऊ. जुने दोन इंचांचे. तीन इंचांचे साठच्या दशकाच्या शेवटी रुळले. त्यांच्या बाजूला गोळी अलगद आणून देणारी वाट बऱ्याच मशीन्समध्ये नसतेच आणि दोघांमधली फट डोळ्यांत भरेल एवढी असते. घाबरून दोन्ही फ्लिपर एकदम उचललेत तर गोळी सरळ मधून जाणार. उलट फ्लिपर खालीच राहू द्या. एकावर पडलेली गोळी स्वतःच उडी मारून दुसऱ्यावर जाते, तिथे तिला निवांत धरता येतं. काही न करणं ही इथे चाल आहे, आणि नव्याची सवय असलेल्या बोटांना तीच सर्वांत जड जाते.

'जुनं' या एका शब्दाखाली सगळं एकत्र मात्र कोंबू नका. 1960 च्या आधीची लाकडी कडांची मशीन्स वेगळी. त्यांच्यात गोळी गिळणारी भोकं असतात. गुण भरपूर देतात, गोळी मात्र परत देत नाहीत. ती मुद्दाम द्यायची की नाही हा हिशेब आजच्या खेळात उरलेला नाही, आणि मला तो फार आवडतो. साठच्या दशकातली गॉटलिबची एका खेळाडूची मशीन्स शिकण्यासाठी सर्वांत उत्तम. वेन नेयन्स आणि पुढे एड क्रिन्स्की या रचनाकारांची नावं दिसली की डोळे झाकून खेळा. 'किंग्ज अँड क्वीन्स' किंवा 'सेंट्रल पार्क' मिळालं तर सोडू नका. सेंट्रल पार्कच्या वरच्या काचेत एक माकड आहे, ते घंटा वाजवतं. यातल्या काहींवर फुकट डावाऐवजी जास्तीची गोळी मिळते. फुकट डाव म्हणजे जुगाराचं बक्षीस असं काही राज्यांचे कायदे मानत, त्यावर काढलेली ती पळवाट, 1960 च्या 'फ्लिपर' नावाच्या मशीनपासूनची. बॅलीचं 1972 चं 'फायरबॉल' अगदी निराळं. मधोमध गरगरणारी तबकडी, अडवून ठेवलेल्या गोळ्या एकदम सुटतात, आणि मिटून फट बंद करणारे फ्लिपर. एकही चिप नसताना हे सारं. नव्या खेळाडूला जुन्याची गोडी लावायची तर मी इथून सुरुवात करवते.

1977 च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक्स आलं. 1979 चं 'गॉर्गर' बोलू लागलं, 1980 च्या 'ब्लॅक नाइट'ने दुसरा मजला चढवला. ही मशीन्स नव्याला जवळची वाटतात, पण माया त्यांच्यात अजिबात नाही. गोळी गेली की गेली.

फ्लिपरच नसलेलं, पंचवीस भोकांचं मशीन दिसलं तर ते बिंगो. बॅलीने 1951 च्या सुमारास या मशीन्सचा मोठा धंदा केला. त्यांच्यावर जुगाराचा कर लागतो असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये ठरवलं. संग्रहालयात ती खेळण्यात काहीच गैर नाही, ढकलण्याचा सराव म्हणून तर अप्रतिम.

आता ज्यांना खेळून भागत नाही आणि घरी एखादं आणायचं आहे त्यांच्यासाठी. जाहिरातीत 'चालू स्थितीत' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ दिवे लागतात एवढाच धरा. आमच्या तळघरात आलेल्या मशीनचेही दिवे लागत होते. पेटी उघडल्यावर एका फ्यूजच्या जागी चांदीच्या कागदात गुंडाळलेला जळका फ्यूज निघाला. आधीच्या कुणीतरी वैतागून केलेला उपाय. एखादी कॉइल अडकून राहिली असती तर तारा तापल्या असत्या, आणि कापडी वेष्टणाच्या त्या तारा लाकडाच्या पेटीत असतात. म्हणून घेण्यापूर्वी बॅटरी घेऊन वाका आणि प्रत्येक फ्यूज बघा. शेजारी छापलेल्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर किंमत पाडून मागा किंवा निघून या. प्लग दोन पायांचा असेल तर जाणकाराकडून तीन पायांचा, अर्थिंगवाला करून घेतल्याशिवाय घरातल्या मुलांना हात लावू देऊ नका.

अडलेल्या चाकांवर तेलाचा फवारा मारायचा मोह होतो. मारू नका. तेलावर धूळ बसते, तिची काजळी होते आणि महिन्याभरात पाती चिकटतात. बहुतेक दोष नुसते मळाचे असतात. जाड कागदाची पट्टी दोन पात्यांमध्ये धरून ओढली की जातात. 1977 नंतरच्या मशीनमध्ये आधी सर्किटवरची बॅटरी बघा. हिरवी-पांढरी बुरशी दिसली तर ती गळली आहे, आणि दुरुस्ती मशीनच्या किमतीला लागू शकते.

पुण्याला किंवा कोल्हापूरला न्यायचा बेत असेल तर इथली मशीन्स 120 व्होल्टची, हे लक्षात ठेवा. वजन शंभर किलोच्या पुढे. पाय आणि वरचं डोकं सुटं होतं, पण डोकं काढण्याआधी आतले प्लग सोडवायला विसरलात तर तारांचा पुंजका तुटून हातात येतो. डोक्यावरची चित्राची काच वेगळी, उभी, ब्लँकेटमध्ये न्यायची. ते चित्र काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेलं असतं. दिव्यांच्या उष्णतेने आणि तळघरातल्या दमटपणाने त्याचे पापुद्रे सुटतात. मागून ओलं फडकं फिरवलं की रंग फडक्यावर येतो. रबरं, दिवे, फ्लिपरच्या कॉइली, पायांचे बोल्ट आजही नवे मिळतात. काच मोजक्याच मशीन्सची नवी छापून मिळते. त्यामुळे मशीन बघायला गेलात की मालकाला दिवे बंद करायला सांगा, काच बाहेर काढून उजेडात धरा, आणि भावाचं बोलणं त्यानंतर.