पाय कशासाठी राखायचे

सांगली

चि. मृण्मयी,


ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डची पार्क बघायला जायचं ठरलं आणि मुलं आत्तापासून दिवस मोजतायत, हे वहिनीकडून कळलं. डॉक्टरांनी तिथे मोबिलिटी स्कूटर घे म्हणून सांगितलं आणि तू 'या वयात त्या गाडीवर बसून फिरू?' म्हणत विषय बंद केलास, हेही तिनेच सांगितलं. तुझी आई पुढे काही बोलली नाही. मी बोलणार आहे.

पोलिओच्या पायाने मी नोकरीची सगळी वर्षं, मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून बँकेत गेले. लोक बघायचे आणि आपल्या वाटेने जायचे. तुला चालता येतं, म्हणून ही गाडी आपल्यासाठी नाही असं तुला वाटतं. पण रात्री आतषबाजी संपल्यावर बसपर्यंत चालवेल का आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांधे उठू देतील का, याचा विचार कर. एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. ती फेरीच जवळजवळ दोन किलोमीटरची. दारापासून तळ्यापर्यंतचं आणि दालनांच्या आतलं चालणं वेगळं. त्यात रांगेत ताटकळणं. आमवातात ते चालण्यापेक्षा वाईट, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मुलीबरोबर जपानच्या दुकानात रेंगाळायला, मुलाचा हात धरून नाचायला पाय हवेत ना? मग ते वाहनतळावर कशाला झिजवायचे?

स्कूटर बाहेरच्या कंपनीकडून घे, हॉटेलवर आणून देणारी. पार्कच्या दाराशीही भाड्याने मिळते, पण ती आधी राखून ठेवता येत नाही. आधी येईल त्याला मिळते. शिवाय ती त्या पार्कच्या बाहेर नेता येत नाही, म्हणजे संध्याकाळी तू सर्वांत थकलेली असशील तेव्हाच ती परत करावी लागेल.

एक गोष्ट मात्र घेण्याआधी नक्की विचार. बऱ्याच गाड्यांना अंगठ्याने दाबायचा खटका असतो आणि तो सोडला की गाडी थांबते. तुझी बोटं सकाळी आखडलेली असतात; दिवसभर एकच खटका दाबून धरायचा म्हटलं तर गुडघे वाचतील आणि हात जातील. बंद कड्यासारखं हँडल असलेली गाडी मागून घे. ती अंगठ्याने नाही जमली तर बोटांनी चालवता येते, हात बदलता येतो. चार चाकांची बघ. तीन चाकांची चटकन वळते, पण उतारावर वळताना कलंडायची भीती जास्त. पहिल्या संध्याकाळी हॉटेलच्या मोकळ्या आवारात अर्धा तास हात बसवून घे.

गर्दीत वेगाचा काटा कासवाच्या चित्राकडेच ठेव. समोरचा माणूस नकाशा बघायला मध्येच थांबतो, लहान मुलं आडवी धावतात, आणि ती गाडी जड असते. मॅजिक किंगडमच्या मुख्य रस्त्यावर घोड्यांच्या ट्रामचे रूळ आहेत. ते सरळ काटकोनात ओलांड, तिरकी गेलीस तर चाक अडकेल. धाकटा मांडीवर बसायचा हट्ट करील. नाही म्हण. तिथे त्याला परवानगी नाही आणि त्याचा हात खटक्यावर पडायला वेळ लागत नाही.

गाडी आहे म्हणून रांग चुकेल, अशी आशा धरू नकोस. बहुतेक ठिकाणी सगळ्यांबरोबर त्याच रांगेतून जावं लागतं, फक्त तू बसलेली असतेस. अ‍ॅनिमल किंगडमच्या सफारीसारख्या काही खेळांत स्कूटर चालत नाही. साध्या चाकाच्या खुर्चीत बसावं लागतं किंवा उठून आत चढावं लागतं. कुठे काय, ते पार्कच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. निघण्याआधीच वाच, म्हणजे मुलांसमोर ऐनवेळी हिरमोड होणार नाही. आणि तासन्‌तास बसूनही राहू नकोस, सांधे धरतात. दालन आलं की गाडी बाहेर लाव, किल्ली काढ, चालत आत जा. तिथे एकसारख्या गाड्या ओळीने उभ्या असतात, म्हणून हँडलला एखादी लाल ओढणी बांध. उन्हाळ्यात फ्लोरिडात दुपारी पाऊस कोसळतो. बटणांवर घालायला प्लास्टिकची पिशवी जवळ असू दे.

गाडीवरून उठून चालायला लागलीस की एखादा कुजबुजेल, 'हिला तर चालता येतंय!' त्याला उत्तर देत बसू नकोस. पण मुलांना निघण्याआधी नीट सांगून ठेव: आईचे पाय दिवसभर पुरावेत म्हणून ही गाडी आहे. मुलांना खरं सांगितलेलं कळतं, आणि कोणी बोललंच तर तीच तुझ्या बाजूने उभी राहतील.

बॅटरी रोज रात्री खोलीत चार्जिंगला लावायचं काम जावईबापूंकडे दे. तू दमून आधी झोपशील. गाडी या आठवड्यातच ठरव आणि कुठली घेतलीस ते मला कळव. हँडलचा फोटोही पाठव, मी बघते.

तुझी,
आत्या