पलसाण्यात ई-स्कूटर परवडेल का?

प्रश्न : मूळचा नंदुरबारचा, पलसाण्यात भाड्याच्या खोलीत राहतो. मिलला जाऊन-येऊन रोज तीसेक किलोमीटर होतात. पेट्रोलची गाडी विकून ई-स्कूटर घेऊ का?

उत्तर : आधी खोलीमालकाला विचारा, चार्जिंगला प्लग देणार का आणि युनिटला काय लावणार? सगळा हिशेब तिथेच ठरतो. पेट्रोल ९५ रुपये आणि गाडीचं ॲव्हरेज ४८ धरलं, तर किलोमीटरला सुमारे २ रुपये पडतात. ई-स्कूटरला शंभर किलोमीटरला साडेतीन युनिट लागतात असं धरा. ८ रुपये दराने किलोमीटरला २८ पैसे. मालकाने १२ रुपये लावले तरी ४२ पैसेच. महिन्याला हजार-बाराशे नक्की वाचतात. मात्र बॅटरीची वॉरंटी नीट वाचून घ्या, बदलायची वेळ आली तर तोच मोठा खर्च. आणि गावी जायला एसटी किंवा रेल्वेच धरा. प्लग मिळत नसेल, तर आहे ती गाडी विकू नका.