पाटी दोन हजार वॅटची, फ्यूज तीस ॲम्पिअरचा

प्रश्न : जुनी कार घेतली, डिकीत वूफर आणि ॲम्प्लिफायर बसवला. ॲम्पवर २००० वॅट लिहिलंय. ठोका पडला की हेडलाइट मंद होतात आणि बॅटरीजवळचा फ्यूज उडतो. एक जण म्हणतो मोठा फ्यूज टाका, दुसरा म्हणतो कपॅसिटर लावा. घरात हजार वॅटची इस्त्री बारीक वायरवर चालते, मग गाडीतच एवढी भानगड का?
– एक वाचक, येडशी

उत्तर : आधी फ्यूजचं, कारण तो जिवाचा प्रश्न आहे. मोठा फ्यूज टाकू नका. बॅटरीजवळचा फ्यूज ॲम्पला नाही, वायरला वाचवतो. इंजिनाच्या बाजूने आत येणारी वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली, तर गाडीची बॅटरी एका क्षणात शेकडो ॲम्पिअर सोडू शकते. तेव्हा वायरच तापून पेटते, तीही पेट्रोलच्या गाडीत. म्हणून फ्यूज बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत हवा, आणि वायर जिथून पत्र्यातून जाते तिथे रबराचं ग्रोमेट हवंच.

आता इस्त्री. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले ॲम्पिअर. घरात २३० व्होल्ट येतात, त्यामुळे हजार वॅटला साडेचार ॲम्पिअरही लागत नाहीत. चालू गाडीत मिळतात १४ च्या आसपास व्होल्ट. तेवढ्याच हजार वॅटसाठी बहात्तर ॲम्पिअर ओढावे लागतात, म्हणजे जवळपास सतरा पट. वायरमधली उष्णता तर करंटच्या वर्गाने वाढते. तीच वायर वापरली तर ती पावणेतीनशे पट तापेल. गाडीत वायर अंगठ्याएवढी का दिसते, त्याचं कारण एवढंच.

तुमच्या ॲम्पवरच्या पाटीवर मात्र विश्वास ठेवू नका. तो बहुतेक क्षणभराचा कमाल आकडा असतो. खरं सांगतो तो ॲम्पच्या पाठीवर बसवलेला फ्यूज. समजा तिथे पंधराचे दोन आहेत. तीस ॲम्पिअर गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ४१४ वॅट आत जाणार. क्लास डी प्रकारचा ॲम्प असेल तर त्यातले ऐंशी टक्के, म्हणजे ३३० वॅट स्पीकरला मिळतील. जुन्या एबी प्रकारचा असेल तर निम्म्याच्या आसपास, बाकीची उष्णता. दोन हजार येणार कुठून? खरेदीला जाल तेव्हा आरएमएस वॅट विचारा आणि फ्यूज मोजा. दुकानदाराला हे आवडो न आवडो, पैसे तुमचे आहेत.

आता वायरचं माप. पाचशे वॅट ओढणारा ॲम्प, म्हणजे ३६ ॲम्पिअरचा हिशेब धरू. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर लागते. घराच्या फिटिंगची अडीच स्क्वेअर एमएमची वायर ओढली, तर तिच्यातच सव्वा व्होल्ट आणि ४५ वॅट संपतात. विहिरीवरच्या मोटारीला लांबून बारीक केबल ओढली की मोटार जशी गुरगुरते आणि केबल तापते, तोच हा प्रकार आहे. दहा स्क्वेअर एमएमच्या बारीक तारांच्या लवचिक वायरीत हेच नुकसान एक तृतीयांश व्होल्टच्या आत राहतं. वायर घेताना टोक चाकूने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते स्वस्त असतं, पण करंट कमी वाहून नेतं, म्हणून मग एक माप जाड घ्यावं लागतं.

अर्थिंगकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. जेवढा करंट जातो तेवढाच बॉडीतून परत येतो. रंगावरच बोल्ट आवळला असेल तर जाड वायरीचा काही उपयोग नाही. रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर थिंबल घट्ट बसवा. सीट बेल्टचा बोल्ट त्यासाठी वापरू नका.

हेडलाइट मंद होतात ते पूर्ण गाडीचं व्होल्टेज खाली येतं म्हणून. गाडी जागेवर उभी असताना अल्टरनेटर हळू फिरतो, एकदम मागणी आली की तो पुरा पडत नाही. हॅलोजन बल्बचं व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड जवळपास तीस टक्के उतरतो. तुमच्या गावावरून सोलापूर–धुळे महामार्ग जातो. रात्री त्या रस्त्यावर तीस टक्के उजेड कमी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. कपॅसिटरने हे भागत नाही. एक फॅरडचा कपॅसिटर १४ वरून १३ व्होल्टवर येईपर्यंत साडेतेरा ज्यूल देतो. पाचशे वॅटची मागणी असेल तर ते सेकंदाचा पस्तिसावा-चाळिसावा भाग पुरेल.

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर मोठाले टेप लावणाऱ्यांनीही हे वाचावं. बऱ्याच ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर ३६ ॲम्पिअरचाच असतो. आपल्या वरच्या हिशेबातला एकच ॲम्प तो सगळा खाऊन टाकेल, दिव्यांना बॅटरीतून घ्यावं लागेल. शिवाय मागून येणाऱ्याचा हॉर्न चालकाला ऐकू येत नाही, आणि मागे दोन ट्रेलर भरून ऊस असतो. त्या आवाजाचं मला कौतुक वाटत नाही, भीती वाटते.

तुम्ही एक करा. इंजिन चालू ठेवून नेहमीच्या आवाजात गाणं लावा आणि मल्टिमीटरने आधी बॅटरीवर, मग ॲम्पच्या पॉइंटवर व्होल्टेज बघा. बॅटरीवर साडेतेराच्या पुढे आणि ॲम्पवर सव्वाबारा दिसलं, तर दोष वायरीत किंवा अर्थिंगमध्ये. जाड वायर टाका आणि बोल्ट पुन्हा आवळा. दोन्हीकडे सारखंच पडत असेल तर बॅटरी आणि अल्टरनेटर तपासून घ्या, तोवर ॲम्पचा गेन कमी ठेवा. आणि फ्यूज वायरीच्या मापाचा टाकूनही उडत राहिला, तर स्पीकर बघा. चार ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की ते दोन ओहमचे होतात आणि ॲम्प दुप्पट करंट मागू लागतो. तुमचा ॲम्प दोन ओहमवर चालतो का, ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.