एका ‘अ’चे मोल

‘फ्यू म्हणजे थोडे’ असे मी शाळेत पाठ केले होते. घरी इंग्रजीचे विचारायला कोणी नव्हते, त्यामुळे पाठ केलेला अर्थ हाच खरा, अशी माझी समजूत होती. ती गेल्या वर्षी मोडली.

पुस्तकपेढीतून मला वर्षभरासाठी चार पुस्तके मिळाली. आभाराचे पत्र इंग्रजीत लिहावे म्हणून मी हौसेने लिहिले, ‘आय हॅव रिसीव्हड फ्यू बुक्स.’ पत्र वाचून सर हसले. म्हणाले, “अरे, हे आभार आहेत की तक्रार?”

मला म्हणायचे होते, ‘काही पुस्तके मिळाली.’ वाचणाऱ्याला अर्थ लागत होता, ‘पुस्तके फारशी मिळालीच नाहीत.’ चूक एका ‘अ’ची होती. ‘अ फ्यू’ म्हणजे संख्येने थोडे, पण आहेत. नुसते ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच. सरांनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली. ‘ही हॅज अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे त्याला काही मित्र आहेत. ‘ही हॅज फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे त्याला फारसे कोणी नाही. मित्र दोन्हीकडे तीनच असतील. फरक असतो तो बोलणाऱ्याच्या दृष्टीत.

आपल्याकडे हे काम ‘च’ करतो. ‘थोडे आंबे उरले’ आणि ‘थोडेच आंबे उरले’ यांतला फरक कोणालाही न शिकवता कळतो. मात्र मराठीत अक्षर वाढवले की उणीव दिसते, इंग्रजीत अक्षर गाळले की दिसते. आपण फसतो ते इथेच. शिवाय ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे चक्क ‘बरेच’!

दुसरी अडचण मोजण्याची. आपण ‘थोडे आंबे’ म्हणतो, तसेच ‘थोडे दूध’ही म्हणतो. इंग्रजीत ‘फ्यू’ फक्त मोजता येणाऱ्या वस्तूंना लागतो, आणि नामही अनेकवचनी हवे. दुधाला ‘लिटल’. तेथेही ‘अ’चा नियम तोच. तुलनेत आंब्यांना ‘फ्यूअर’, दुधाला ‘लेस’. मराठीत दोन्हींना एकच ‘कमी’. गंमत म्हणजे इंग्रज लोक मोजता येणाऱ्या वस्तूंनाही पूर्वापार ‘लेस’ लावत आले. तेथे ‘फ्यूअर’ बरा, अशी आवड रॉबर्ट बेकर या लेखकाने 1770 साली पुस्तकात नोंदवली आणि पुढे तिचाच नियम झाला. तरी अंतर, पैसा, वेळ यांना आजही ‘लेस’च शोभतो.

मी पत्र पुन्हा लिहिले. पुस्तके तीच चार होती. एक ‘अ’ घातला आणि माझे आभार आभारासारखे दिसू लागले.