बाजू : शब्द एक, अर्थ अनेक

‘बाजू’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. फारसीतून तो उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. उर्दूत बाजू म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात. मराठीने हा अर्थ जवळजवळ सोडून दिला आहे. ‘बाजूबंद’ या दागिन्याच्या नावात तेवढा तो उरला. हाताच्या त्या भागाला मराठीत ‘दंड’ म्हणतात. (दंड म्हणजे जुर्मानाही! पण तो वेगळा धडा होईल.)

मग मराठीत बाजू म्हणजे काय? आधी ‘तरफ’ हा अर्थ घ्या. ‘शाळेच्या मागच्या बाजूला विहीर आहे.’ बसमध्ये कोणी ‘बाजूला व्हा’ म्हणाले, तर सरकून वाट द्यायची. भूमितीत त्रिकोणाला तीन बाजू असतात. तुमच्या उर्दू पुस्तकात त्यांना ‘जिला’ म्हणतात. मराठीत मात्र जिल्हा म्हणजे बीड, नांदेड, परभणी! गंमत अशी, की ‘समभुज त्रिकोण’ या नावातील भुजा म्हणजेही हातच.

आता महत्त्वाचा अर्थ. घरी सरकारी पत्र आले, की पुष्कळदा ते वाचायला तुमच्याच हाती देतात. त्यात असे वाक्य असू शकते : ‘आपली बाजू मांडण्यासाठी दिनांक 12 रोजी सकाळी 11 वाजता कार्यालयात हजर राहावे.’ येथे बाजू म्हणजे आपले म्हणणे, आपला ‘मौकिफ’. हा अर्थ न कळल्यामुळे घरचे कोणी गेलेच नाही, तर निर्णय एकतर्फी होऊ शकतो. म्हणून अब्बांना नीट समजावून सांगा, की ही शिक्षा नाही. बोलण्याची संधी आहे. कागदपत्रे घेऊन वेळेवर जायचे आहे.

‘बाजू मांडणे’ आणि ‘बाजू घेणे’ यांत गोंधळ करू नका. आपण आपली बाजू मांडतो, वकील अशिलाची मांडतो. बाजू घेतात ती दुसऱ्याची. भावंडांच्या भांडणात अम्मी बहुधा धाकट्याची बाजू घेते, हे तुम्हांला ठाऊकच आहे!

लिंगाकडेही लक्ष द्या. उर्दूत बाजू मुजक्कर आहे, मराठीत स्त्रीलिंगी. म्हणून ‘माझा बाजू’ नव्हे, ‘माझी बाजू’. अनेकवचनात रूप बदलत नाही : एक बाजू, दोन बाजू. प्रत्यय लागला, की ‘दोन्ही बाजूंनी’ असे अनुस्वारासह लिहा. परीक्षेत गुण जातात ते बहुधा येथेच.

आता ‘नाण्याला दोन बाजू असतात’ या वाक्यातील बाजू कोणत्या अर्थाची, ते वहीत लिहा.