"हँग झालं" म्हणजे नक्की काय झालं? पायथन, पाइप आणि चिंचोके



संगणकाच्या तासाला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "सर, हँग झालं." वाक्य संपायच्या आत पोराचा हात पॉवरच्या बटणावर गेलेला असतो. घरी मोबाइलचंही तेच. हँग झालं की बंद करायचं, परत चालू करायचं. पण "हँग" हे लक्षणाचं नाव आहे, रोगाचं नाही. ताप आलाय म्हणजे मलेरिया की सर्दी, हे जसं पुढे बघावं लागतं तसंच इथे. आज पायथनमधल्या एका हँगचा रोग शोधू. नववी-दहावीला पायथन शिकवणाऱ्यांना तो कधी ना कधी भेटतोच.

आधी प्रसंग सांगतो. आमच्याकडे आगर, नरपडच्या किनाऱ्यावरची मुलं आहेत, तशीच वसतिगृहात राहणारी तलासरीच्या पाड्यांवरचीही आहेत. कोणाच्या घरी वारली बोलतात, कोणाच्या घरी मांगेली. नववीच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत आजी-आजोबांकडून गोष्टी ऐकल्या आणि मोबाइलवर त्यांचं चित्रण केलं. फायली अवाढव्य, लॅबमधल्या संगणकांची डिस्क लहान. म्हणून मुलांनी पायथनची एक स्क्रिप्ट तयार केली. फोल्डरमधली एकेक फाइल घ्यायची, एफएफएमपेग या मोफत प्रोग्रामकडून ती लहान करून घ्यायची, आणि झाली की मूळ फाइल पुसायची. फोनमधल्या फायली तर मुलांनी आधीच पुसल्या होत्या, कारण फोन भरले होते. म्हणजे या कामात गडबड झाली तर आजीची गोष्ट कायमची गेली. ती परत सांगायला सगळ्याच आज्या पुढच्या दिवाळीला असतील, असं धरून चालता येत नाही.

तीन-चार मिनिटांच्या गोष्टी व्यवस्थित लहान झाल्या. दहा-बारा मिनिटांच्या गोष्टींना स्क्रिप्ट जी थांबली ती थांबलीच. अर्धा तास झाला तरी हलेना, चुकीचा संदेशही नाही.

अशा वेळी पहिला प्रश्न असा विचारायचा: यंत्र काम करतंय की वाट बघतंय? टास्क मॅनेजर किंवा लिनक्सवरचा सिस्टम मॉनिटर उघडून प्रोसेसरची टक्केवारी बघा. ती शंभरच्या आसपास असेल तर प्रोग्राम खरंच काही करतोय, किंवा एखाद्या न संपणाऱ्या लूपमध्ये गरगरतोय. शून्याच्या आसपास असेल तर तो कोणाची तरी वाट बघत बसलाय. आमच्या संगणकावर शून्य होतं. पायथनचंही शून्य, एफएफएमपेगचंही शून्य. दोघंही वाट बघत होते, आणि तिसरं तर कोणी नव्हतंच.

दुसरी खूण मुलांनीच शोधली. प्रत्येक मोठी फाइल सुरू केल्यापासून साधारण सहा मिनिटांनी अडकत होती. फाइल कोणतीही असो, वेळ तीच. एका मुलीने हे वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून कळलं. (प्रयोगवही फक्त विज्ञानाच्या तासाला काढायची, असं कुठे लिहिलंय?) एखादी विशिष्ट फाइल खराब असती तर तीच अडकली असती. इथे प्रत्येक वेळी सहा मिनिटांत काहीतरी भरत होतं.

काय भरत होतं, ते समजायला पाइप समजून घ्यायला हवा. एक प्रोग्राम दुसऱ्याला कामाला लावतो, तेव्हा पहिल्याला पेरेंट आणि दुसऱ्याला चाइल्ड म्हणतात. चाइल्डला मराठीत "मूल" म्हटलं तर मुलांना "मूळ" ऐकू येतं आणि सगळं उलटं होतं, म्हणून आम्ही वर्गात सरळ आई आणि पोर म्हणतो. पायथनमध्ये हे काम सबप्रोसेस नावाचं मोड्यूल करतं. ते २००४ साली, पायथन २.४ मध्ये आलं. पोर जे बोलतं ते आईपर्यंत पाइपमधून येतं. ही पाइपची कल्पना आणखी जुनी. बेल लॅब्जमध्ये डग मॅकइलरॉय यांनी ती मांडली आणि १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये आणली. पोराकडून दोन पाइप निघतात. एक नेहमीच्या आउटपुटचा, दुसरा तक्रारी आणि सूचनांचा, ज्याला स्टँडर्ड एरर म्हणतात.

आता मुद्दा. पाइपला मर्यादा असते. लिनक्सवर ती सहसा ६५,५३६ बाइट, म्हणजे ६४ किलोबाइट असते. विंडोजवर आकडा वेगळा, पण मर्यादा आहेच. पाइप भरला की त्यात लिहू पाहणाऱ्या पोराला ऑपरेटिंग सिस्टम थांबवून ठेवते. समोरून कोणीतरी वाचून जागा केली, तरच पोर पुढे सरकतं.

एफएफएमपेगची एक सवय आहे. आपली प्रगती, म्हणजे किती फ्रेम झाल्या, किती वेळ झाला, हे सगळं ते स्टँडर्ड एररवर लिहितं, साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक ओळ. ओळ शंभरेक बाइटची. ६५,५३६ भागिले १००, म्हणजे सुमारे ६५५ ओळी. अर्ध्या सेकंदाला एक या हिशेबाने ३२७ सेकंद, साडेपाच मिनिटं. ओळ थोडी लहान-मोठी होते, म्हणून साडेपाच-सहा. वहीतल्या नोंदीशी जुळलं! फळ्यावर हा भागाकार मांडला तेव्हा मागच्या बाकावरचीही पुढे आली. आमच्या जुन्या संगणकांवर एक मिनिटाचं चित्रण लहान करायला जवळजवळ एक मिनिट लागतं, म्हणून चार मिनिटांच्या गोष्टी पाइप भरायच्या आत सुटत होत्या.

मग आई काय करत होती? स्क्रिप्टमध्ये दोन्ही पाइप जोडले होते, पण वाचणारा लूप फक्त पहिल्या पाइपवर होता: "नेहमीच्या आउटपुटची पुढची ओळ दे." या कामात एफएफएमपेग तिथे काहीच लिहीत नाही. म्हणजे आई पहिल्या पाइपच्या तोंडाशी बसून, आणि पोर दुसऱ्या भरलेल्या पाइपशी अडून. आई म्हणते तू बोल, पोर म्हणतं आधी जागा कर. याला डेडलॉक म्हणतात. कंट्रोल आणि सी दाबून स्क्रिप्ट थांबवली की पायथन ट्रेसबॅक दाखवतो आणि त्यात नेमकी कोणत्या ओळीवर आई बसली होती ते दिसतं. बटण दाबून संगणक बंद करणाऱ्याला ही ओळ कधीच दिसत नाही.

हे वर्गात करून बघायला संगणक लागत नाही. दोन पारदर्शक नळ्या घ्या, दहा-दहा चिंचोके मावतील अशा. एक मूल आई, एक पोर. पोराला नियम असा: दुसऱ्या नळीत एकेक चिंचोका टाकत राहायचं, जागा नसेल तर थांबायचं, चिंचोका फेकायचा नाही. आईला नियम असा: पहिल्या नळीतून काही येईपर्यंत किंवा पोर "संपलं" म्हणेपर्यंत दुसऱ्या नळीकडे बघायचं नाही. दहा चिंचोके झाले की दोघं एकमेकांकडे बघत उभे राहतात आणि वर्ग हसतो. मग विचारा: कोण कोणाची वाट बघतंय? इथून जवळच बोर्डीला, आणि १९५७ पासून कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बिया, पानं, शिंपल्यांवर बालशिक्षण उभं केलं. संगणकाच्या तासाला या वस्तू चालत नाहीत असं आपणच ठरवून टाकलंय.

उपाय अनेक आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे आईने दोन्ही नळ्या एकाच वेळी रिकाम्या करायच्या. सबप्रोसेसमधली कम्युनिकेट ही पद्धत हेच करते. पायथन ३.५ पासूनची रन सुद्धा आतून तीच वापरते. म्हणून नवशिक्यांना रनच शिकवावं, पीओपन नंतर. एक खबरदारी: वेट ही पद्धत नुसती थांबते, वाचत काहीच नाही. पाइप जोडून वेट केलं तर हाच डेडलॉक होऊ शकतो, आणि पायथनच्या अधिकृत माहितीत तशी सूचनाही दिली आहे. दुसरा उपाय म्हणजे स्टँडर्ड एरर पहिल्याच पाइपमध्ये वळवायचा, म्हणजे वाचायला एकच तोंड राहतं. तिसरा, ते सगळं फाइलमध्ये सोडायचं. फाइलला ६४ किलोबाइटची मर्यादा नाही, आणि नंतर वाचताही येतं. आम्ही हा तिसरा घेतला, कारण काही बिघडलं तर मुलांना पुरावा हवा होता.

इंटरनेटवर विचारलं तर बरेच जण टाइमआउट घाला म्हणतात. टाइमआउट असावाच, पण तो उपाय नाही. ठरलेल्या वेळाने पोराला मारून टाकलं की हँग दिसत नाही एवढंच. गोष्ट अर्धवटच राहते. शिवाय एमपीफोर फाइलची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच मारलेली फाइल अनेकदा उघडतही नाही. आणि आमची स्क्रिप्ट तर पुढच्या ओळीत मूळ फाइल पुसणार होती! ती ओळ मुलांनी बदलली. रिटर्न कोड शून्य असेल आणि नव्या फाइलची लांबी जुनीइतकीच असेल, तरच पुसायचं. माझं मत विचाराल तर डेडलॉकइतकंच हे महत्त्वाचं.

याच घराण्यातले आणखी दोन हँग ओळखून ठेवा. स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली आणि त्याच नावाची फाइल आधीच असेल, तर एफएफएमपेग विचारतं, "आहे, तिच्यावरच लिहू का?" आणि उत्तराची वाट बघत बसतं. प्रश्न जातो स्टँडर्ड एररवर. तो आपण फाइलमध्ये वळवलेला, त्यामुळे पडद्यावर प्रश्नच दिसत नाही. इथे प्रोसेसर शून्य, पण अडकतं सुरुवातीलाच, सहा मिनिटांनी नाही. उपाय म्हणजे हो किंवा नाही हे आज्ञेतच आधी सांगून ठेवायचं आणि पोराचं इनपुट बंद करायचं.

दुसरा तर हँगच नाही, तसा भास होतो. मुलांनी एक पायथन प्रोग्राम दुसऱ्यातून चालवला. आतला दर सेकंदाला एक आकडा छापतो, पण बाहेर काहीच येत नाही आणि शेवटी सगळे आकडे एकदम येतात. कारण समोर पडदा असेल तर पायथन ओळ झाली की पाठवतो, पण पाइप असेल तर काही हजार बाइट साठले की एकदम पाठवतो. मासळी उतरवताना एकेक मासा कोणी नेत नाही, टोपली भरली की नेतात, तसं. छापताना फ्लश करा म्हटलं, किंवा पायथन चालवताना यू हा पर्याय दिला, की ओळी लगेच येऊ लागतात. पण हा पर्याय आतल्या प्रोग्रामला द्यायचा असतो, आईला नाही. इथे मुलं हमखास गोंधळतात, तेव्हा नळ्या पुन्हा काढा आणि मूठ कोणाची बंद आहे ते दाखवा.

पालकांसाठी एवढंच: पोरगं घरी "हँग झालं" म्हणालं तर संगणक येत नसला तरी तुम्ही दोन प्रश्न विचारू शकता. "काम करतोय की वाट बघतोय?" आणि "दर वेळी तिथेच थांबतो का?" उत्तर त्यालाच शोधू द्या.

ज्यांना हा तास घ्यायचाय त्यांनी शेवटची दहा मिनिटं या प्रश्नासाठी ठेवा: नळी दहाऐवजी शंभर चिंचोक्यांची घेतली तर हँग जाईल का? आमच्या वर्गात निम्म्या मुलांनी हो म्हटलं. मग वहीवाल्या मुलीने विचारलं, "आणि आजीची गोष्ट दीड तासाची असली तर?"