उड्डाण रद्द, हक्क कायम

नेरूळ, नवी मुंबई

चि. मृण्मयीस,


खारघरमधल्या तुझ्या तिकिटांच्या ऑफिसचं बस्तान बसत चाललंय, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. २५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. आता पनवेल, उलवे, कामोठ्याची पहिल्यांदाच विमानात बसणारी कितीतरी माणसं तुझ्याकडे येतील. स्वस्तातलं तिकीट शोधून देणं तुला जमतंच. पण उड्डाण रद्द झालं की हीच माणसं पहिला फोन तुला करतील. त्या फोनवर काय सांगायचं, ते आधीपासून पक्कं असावं म्हणून हे पत्र.

ग्राहकांच्या तक्रारी लिहून देताना मी एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. ‘संप आहे, आमच्या हातात काही नाही,’ असं काउंटरवर ऐकलं की माणूस हातपाय गाळतो आणि गुपचूप घरची वाट धरतो. संपामुळे फार तर भरपाई जाते, बाकीचे हक्क जात नाहीत. एवढं एक वाक्य तू मनावर कोरून ठेव.

नियम समजून घे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०१० साली प्रवाशांच्या सोयीसुविधांचे नियम लागू केले आणि पुढे त्यात सुधारणा होत गेल्या. उड्डाण रद्द होणार असेल तर कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवून दुसरं विमान द्यावं किंवा पैसे परत करावेत. दोन आठवड्यांपेक्षा उशिरा, पण २४ तास आधीपर्यंत कळवलं, तर मूळ वेळेपासून दोन तासांच्या आत सुटणारं विमान द्यावं किंवा पैसे परत करावेत. यातलं काय घ्यायचं ते प्रवाशाने ठरवायचं. वेळेत कळवलंच नाही, तर याशिवाय भरपाईही लागू होते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते.

आता यातली मेख. कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या असाधारण परिस्थितीत ही भरपाई देण्याचं बंधन नाही. पूर, दंगल, सरकारी आदेश यांच्या जोडीला त्या यादीत संप आणि कामगार-तंटेही आहेत. पण त्याच कलमात एक अट आहे, ती कुणी वाचून दाखवत नाही: सगळे वाजवी उपाय करूनही जे टळलं नसतं, तेच असाधारण. म्हणजे नुसतं ‘संप’ म्हणून भागत नाही. आणि माफी मिळते ती भरपाईपुरती. तिकिटाचे पैसे किंवा दुसरं विमान हे देणं तसंच राहतं. प्रवासी विमानतळावर येऊन पोचला असेल आणि दुसऱ्या विमानाची वाट बघत थांबला असेल, तर खाण्यापिण्याची आणि गरज पडल्यास मुक्कामाची सोयही मागायचीच.

मे २०२४ मधलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं प्रकरण तुला आठवत असेल. केबिन क्रूमधल्या मोठ्या संख्येने लोकांनी ऐनवेळी आजारी असल्याचं कळवलं आणि शंभराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. आखाती देशांत कामावर परतणारे कितीतरी लोक विमानतळांवर अडकले. कंपनीने २५ जणांना कामावरून काढलं. ९ मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर समेट झाला आणि त्या सगळ्यांना परत घेतलं गेलं. कागदोपत्री संप कुणीच पुकारला नव्हता, नोटीसही दिली नव्हती. पण आता कायदा बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. एखाद्या दिवशी निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून सामूहिक किरकोळ रजा घेतली, तर तोही संपच धरला जातो. आणि संपावर जाण्याआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते.

हे १४ दिवस आणि प्रवाशाला कळवण्याचे दोन आठवडे शेजारी शेजारी ठेवून बघ. रीतसर नोटीस देऊन संप झाला, तर कंपनीला तो आधीपासून ठाऊक असतो. मग प्रवाशाला आदल्या रात्री मेसेज का आला? तिने दुसरी माणसं, दुसरी विमानं यांची काय तजवीज केली? म्हणून तक्रार लिहिताना दोन प्रश्न आधी विचारायचे: कंपनीला केव्हा कळलं, आणि आम्हाला केव्हा कळवलं? कित्येक प्रकरणांचा निकाल या दोन तारखांमधल्या अंतरावर फिरू शकतो.

आणि कारण लेखी घ्यायचं. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तो संप नव्हता. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम येणार हे आधीपासून माहीत असूनही पुरेशी तयारी झालेली नव्हती. त्या वेळी सरकारने परताव्याला मुदत घालून दिली, भाड्यांवर मर्यादा आणली. संप, कर्मचाऱ्यांची कमतरता, तांत्रिक बिघाड, हवामान ही चार वेगळी कारणं आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे आहेत. काउंटरवर एक सांगतात आणि ईमेलमध्ये भलतंच लिहितात. म्हणून गिऱ्हाइकाला सांग, मेसेजचा स्क्रीनशॉट ठेव, बोर्डवर ‘रद्द’ दिसलं की वेळेसकट फोटो काढ, पाण्याच्या बाटलीपासून टॅक्सीपर्यंतची पावती जपून ठेव.

मुलांकडे जर्मनीला, नेदरलँड्सला जाणारे आजी-आजोबा तुझ्याकडे येतातच. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम त्यांच्यासाठी शिकून घे. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तो लागू आहे. इथून तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. फ्रँकफर्ट-मुंबईसारख्या लांबच्या उड्डाणाला भरपाई ६०० युरो. तिथल्या न्यायालयाने २०१८ मध्ये ट्युईफ्लाय प्रकरणात सांगितलं, की कंपनीच्या फेररचनेच्या घोषणेनंतर कर्मचारी एकाच वेळी आजारी पडले, तर ती असाधारण परिस्थिती नाही. २०२१ मध्ये एसएएसच्या वैमानिकांच्या संपालाही तोच न्याय लावला. हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप वेगळा, तो कंपनीच्या हाताबाहेरचा. आपल्याकडे मे २०२४ मध्ये जे झालं तसंच तिकडे घडलं, तर प्रवाशाला भरपाई मिळू शकते. आपला नियमही कधीतरी तिथवर यावा, असं मला मनापासून वाटतं. घरच्या भांडणाचा भुर्दंड पाहुण्याने का भरावा?

आता खास तुझ्यासाठी. बुकिंग करताना प्रवाशाचाच मोबाइल नंबर आणि ईमेल भर. बरेच एजंट सोयीसाठी स्वतःचा नंबर घालतात. मग कंपनीचा मेसेज एजंटच्या फोनवर येऊन पडतो आणि प्रवासी विमानतळावर जाऊन उभा राहतो. प्रवाशाचा पुरेसा संपर्क दिलेला नसेल तर भरपाई मिळत नाही, असं नियमच म्हणतो. तुझ्या दोन मिनिटांच्या आळसाने दुसऱ्याचा हक्क जाऊ नये.

संपाची बातमी आली की घाबरून कुणाला स्वतः तिकीट रद्द करू देऊ नकोस. प्रवाशाने रद्द केलं तर रद्दीकरण शुल्क कापलं जातं. कंपनीने रद्द केलं तर पूर्ण पैसे मिळतात. पैशांऐवजी क्रेडिट घ्यायचं की नाही, तेही प्रवाशाने ठरवायचं. पुढच्या विमानाचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर काढलंस, तर पहिलं रद्द झाल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही, हे विकण्याआधी सांग. पर्यायी विमान देऊ केलं, तर ते नवी मुंबईच्या विमानतळावरून (एनएमआय) आहे की मुंबईच्या (बीओएम), हे बघितल्याशिवाय ‘हो’ म्हणू नकोस. परतावा तुझ्यामार्फत येणार असेल, तर आला त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या हातात पडला पाहिजे.

कंपनीने दाद दिली नाही तर आधी तिच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, मग एअरसेवा ॲपवर, आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच. तरीही काम झालं नाही तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने प्रवासी जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. नेरूळ-वाशीचा माणूस ठाणे जिल्ह्यात, तुझ्या खारघर-पनवेलचा रायगडात, म्हणजे अलिबागला. ऑनलाइनही दाखल होते. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची.

शेवटचं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं. काउंटरवरच्या मुलीवर ओरडून काही मिळत नाही. ती बहुधा कंत्राटी नोकरीत असते आणि निर्णय तिच्या हातात नसतो. संप करणाऱ्यांनाही शिव्या घालू नयेत. पगार, विश्रांती, सन्मानाची वागणूक मागणं हा त्यांचा हक्क आहे, आणि थकलेल्या वैमानिकाच्या विमानात आपल्यालाही बसायचं नाही. प्रवाशाचा करार कंपनीशी आहे, म्हणून मागणी कंपनीकडेच करायची, शांतपणे, लेखी आणि नियमाचा हवाला देऊन. हे तुझ्या गिऱ्हाइकांनाही शिकव.

हे सगळं एका पानावर सोप्या मराठीत लिहून प्रत्येक तिकिटासोबत दे. नियम बदलत असतात, म्हणून डीजीसीएच्या संकेतस्थळावर अधूनमधून तपासून पान नवं करत जा. पहिला मसुदा झाला की मला पाठव, मी नजरेखालून घालीन.

ताईला नमस्कार सांग. कळावे.

तुझा,
श्रीकांतमामा